हवेतली पाणीपाळी

संध्याकाळची भेटीची वेळ झाली की सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड एकदम भरून जातो. जळगावला चोपडा, यावल, पाचोऱ्याकडून आणि धुळ्याला साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून आलेली माणसे जेवणाचा डबा, थर्मास, धुतलेले कपडे घेऊन खाटेभोवती उभी राहतात. एका रुग्णामागे तीन-चार माणसे आणि माणशी किमान एक फोन. कुणी गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉलवर रुग्ण दाखवतो, कुणाच्या कानात ब्लूटूथचे यंत्र असते, कुणी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून धाकट्या भावाला नेट देतो. ज्या वॉर्डात रुग्णांच्या छातीवरचे मॉनिटर बिनतारी असतात, तिथे नेमक्या याच वेळी सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर एखाद्या खाटेची ईसीजीची रेघ मध्येच तुटू शकते. चार-पाच सेकंद ‘सिग्नल नाही’ अशी पाटी, मग रेघ पुन्हा सुरू.

सिस्टर धावत खाटेजवळ जाते. बहुतेक वेळा कारण साधे असते. घामाने पॅच सुटलेला असतो, कूस बदलताना वायर ओढली गेलेली असते किंवा बॅटरी उतरलेली असते. पण कधी कधी पॅच जागेवर, वायर जागेवर, रुग्ण निवांत आणि तरीही रेघ तुटलेली. यंत्र बिघडलेले नसते. त्याला बोलायची पाळी मिळालेली नसते.

ही पाळीची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण आता ती फक्त मोठ्या शहरांतल्या पंचतारांकित रुग्णालयांची राहिलेली नाही. घरातला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दंडावरचा साखरेचा सेन्सर, कानामागचे श्रवणयंत्र, छातीतला पेसमेकर ही सगळी यंत्रे आज हवेतून बोलतात. आणि हवा सगळ्यांची एकच आहे.

आकाशवाणीचे केंद्र, मोबाइलचा टॉवर, पोलिसांचा वायरलेस यांना सरकारने आपापली फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते. दुसऱ्या कुणी त्यात घुसखोरी केली तर तक्रार करता येते. मात्र काही पट्टे मुद्दाम मोकळे ठेवलेले आहेत. त्यातला सर्वांत गजबजलेला पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात २००५च्या जानेवारीत २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त झाला. त्यामुळेच आज कुणीही दुकानातून वाय-फायचा राउटर आणून कुणाला न विचारता घरात लावू शकतो. या मोकळीकीला एक अट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. या पट्ट्यात दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचे नाही. म्हणजे रुग्णालयातला लाखो रुपयांचा मॉनिटर आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतला कॅमेरा, दोघांचा दर्जा कायद्याने सारखाच.

जागाही थोडी. वाय-फायच्या एका वाहिनीला साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. सगळा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा. म्हणजे एकमेकींना धक्का न लावता बसतील अशा वाहिन्या जेमतेम तीन, क्रमांक १, ६ आणि ११. वॉर्डातली, शेजारच्या लॅबमधली, रस्त्यापलीकडच्या मेडिकल दुकानातली, सगळी यंत्रे या तीन चारींतून पाणी घेतात. जागा वाढवता येत नसेल तर उरते ती वेळ वाटून घेणे.

वेळ वाटून घेण्याचे शास्त्र खान्देशाला नवे नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी चालत आलेली फड पद्धती तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड आणि एका फडात एकच पीक. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने, राखण करायची ती जागल्याने आणि दोघांवर नजर ठेवायची ती हवालदाराने. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी, त्याने जास्त पाणी ओढायचे आणि शेपटीच्या शेतकऱ्याने कोरड्या चारीकडे बघत बसायचे, हे होऊ नये यासाठी हा सगळा बंदोबस्त. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फडच्या फड कोरडा ठेवत. बहुतेकांची जमीन सगळ्याच फडांत थोडी थोडी असल्यामुळे टंचाईही सगळ्यांना सारखी वाटली जाई. आज या पद्धतीचे पूर्वीचे वैभव राहिलेले नाही, पण सामायिक गोष्ट पाळीने कशी वापरावी याचा इतका नेटका नमुना क्वचित सापडेल.

हवेत पाळी लावण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत पाटकरी असतो. मोबाइलचा टॉवर हा पाटकरीच. तो प्रत्येक फोनला सांगतो, तुझी पाळी अमुक क्षणी, इतकाच वेळ. दुसऱ्या रीतीत पाटकरी नाही. प्रत्येकाने कानोसा घ्यायचा, चारी मोकळी दिसली तर पाणी घ्यायचे. वाय-फाय मुख्यतः या दुसऱ्या रीतीने चालते.

या दुसऱ्या रीतीचा पूर्वज हवाई बेटांवरचा. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने एका मध्यवर्ती संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहा. नियम अगदी भोळा होता. बोलायचे असेल तेव्हा बोला. उलट पोच आली नाही तर समजा की दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले, थोडे थांबा आणि पुन्हा बोला. गणित मांडल्यावर दिसले की अशा कारभारात उपलब्ध वेळेपैकी फार तर १८ टक्के वेळ कामी येतो, बाकी टकरींत आणि रिकामा वाया जातो. मग ठरले की कधीही बोलायचे नाही, घड्याळाच्या ठोक्यावरच सुरुवात करायची. एवढ्या एका शिस्तीने उपयोग दुप्पट, म्हणजे ३७ टक्क्यांपर्यंत गेला. यंत्र तेच, शक्ती तीच. बदलली ती फक्त वेळ पाळण्याची रीत.

वाय-फायने त्यापुढे जाऊन आधी ऐकण्याचा नियम आणला. बोलण्याआधी यंत्र हवेचा कानोसा घेते. तीसेक मायक्रोसेकंद शांतता दिसली (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) तरी ते लगेच बोलत नाही. कारण दुसरे चार जण त्याच शांततेची वाट पाहत असतात आणि सगळे एकदम तोंड उघडतील. म्हणून प्रत्येक यंत्र मनातल्या मनात शून्य ते पंधरामधला एक आकडा काढते आणि तितके ठोके थांबते. एक ठोका नऊ मायक्रोसेकंदांचा. ज्याचा आकडा लहान, तो आधी बोलतो. त्याचा आवाज ऐकू आला की बाकीचे आपली मोजणी थांबवतात आणि तो गप्प झाल्यावर उरलेले ठोके पुढे मोजतात. दोघांचा आकडा सारखा निघाला तर टक्कर होते. मग दोघेही पुढच्या वेळी दुप्पट मोठ्या टोपलीतून चिठ्ठी काढतात. शून्य ते एकतीस, मग त्रेसष्ट, असे करत १,०२३पर्यंत. केसपेपरच्या खिडकीशी अशी सभ्यता क्वचितच दिसते.

थोडी यंत्रे असतील तोवर हा कारभार सुरेख चालतो. गर्दी वाढली की मात्र तो हळूहळू बिघडत नाही, एका टप्प्यानंतर झपाट्याने बिघडतो. टकरी वाढतात, टकरींमुळे पुन्हा बोलावे लागते, त्याने गर्दी आणखी वाढते. लक्षात घेण्याची गोष्ट ही की मॉनिटरला पाणी फार थोडे लागते. ईसीजीच्या एका रेघेचे सेकंदाला २५० आकडे धरले आणि एका आकड्याला दोन बाइट, तर होतात ५०० बाइट. एका व्हिडिओ कॉलला याच्या शंभरपट आणि कितीतरी जास्त. हृदयाचा ठोका हा या फडातला शेपटीचा अल्पभूधारक. त्याची मागणी घोटभर, पण ती वेळेवर पुरी झाली पाहिजे. अर्ध्या तासाने मिळालेला व्हिडिओ तितकाच गोड लागतो. दहा सेकंदांनी मिळालेला हृदयाचा ठोका म्हणजे जुनी बातमी.

गर्दी फक्त माणसांच्या वापराने होत नाही. प्रत्येक राउटर आणि प्रत्येक हॉटस्पॉट, कुणी वापरो न वापरो, ‘मी इथे आहे’ अशी दवंडी सेकंदाला सुमारे दहा वेळा पिटत असतो. ही दवंडी सगळ्यांना कळावी म्हणून सर्वांत संथ गतीने पिटली जाते. जुन्या धाटणीच्या जाळ्यात ही गती सेकंदाला एक मेगाबिट असते आणि एका दवंडीला दोन-अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक राउटर नुसता गप्प बसूनही हवेचा दोन-अडीच टक्के वेळ खातो. एका वाहिनीवर असे दहा जण जमले तर चौथ्या हिश्शाच्या आसपास हवा दवंड्यांतच संपली. भेटीच्या वेळी चालू होणारे हॉटस्पॉट म्हणूनच महाग पडतात. शिवाय खिशातला फोन कुठल्याच वाय-फायला जोडलेला नसला, तरी ओळखीचे जाळे जवळ आहे का अशा हाका मधूनमधून देतच असतो.

दुसरा लपलेला चोर म्हणजे संथ यंत्र. पाळी एकेकाची असते, पण ती किती लांबेल हे यंत्राच्या गतीवर ठरते. दीड हजार बाइटचा एक गठ्ठा ५४ मेगाबिटच्या गतीने पाव मिलिसेकंदाच्या आत जातो. तोच गठ्ठा एक मेगाबिटच्या गतीने बारा मिलिसेकंद घेतो, म्हणजे पन्नासपटीहून जास्त. राउटरपासून लांब, दोन भिंतींपलीकडे बसलेला फोन किंवा जुनाट कॅमेरा संथ गतीनेच बोलतो आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत अख्खा वॉर्ड थांबतो. लोक अशा वेळी राउटरची शक्ती वाढवायला सांगतात. तो उपाय बऱ्याचदा रोगापेक्षा वाईट ठरतो. आवाज मोठा केला की तो आणखी चार खोल्यांत ऐकू जातो आणि त्या खोल्यांतल्या यंत्रांनाही गप्प बसावे लागते.

आणि ऐकण्याच्या नियमात एक जन्मजात उणीव आहे. समजा लांबलचक वॉर्डाच्या मधोमध राउटर आहे. पहिल्या खाटेचा मॉनिटर आणि शेवटच्या खाटेचा मॉनिटर एकमेकांना ऐकू जात नाहीत, मधे जाड भिंती आहेत, लोखंडी कपाटे आहेत. दोघांनाही हवा शांत वाटते, दोघे एकदम बोलतात आणि मधल्या राउटरच्या कानात नुसता गोंगाट होतो. दोघांनीही नियम तंतोतंत पाळलेला असतो. यावर तोड म्हणून आधी एक छोटा प्रश्न विचारण्याची सोय ठेवलेली आहे. यंत्र विचारते, ‘बोलू का?’ राउटर मोठ्याने सांगतो, ‘बोल.’ तो ‘बोल’ दोन्ही टोकांना ऐकू जातो आणि दुसऱ्याला कळते की आता इतका वेळ थांबायचे आहे. थोडक्यात, राउटरने काही क्षणांपुरते पाटकऱ्याचे काम केले.

याच पट्ट्यात ब्लूटूथही राहते आणि त्याची रीत वेगळी. त्याला एका जागी बसून पाळीची वाट पाहायची सवय नाही. जुन्या, मूळ ब्लूटूथने या पट्ट्याचे ७९ बारीक भाग केले आणि सेकंदाला १,६०० वेळा तो एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतो. एका ठिकाणी मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. वाय-फायशी टक्कर झाली तर ती एखाद्याच उडीत, पुढच्या उडीला तो दुसरीकडे. २००३च्या सुमारास त्याला शहाणपणही आले. ज्या भागांत वारंवार टक्कर होते ते टाळून तो उरलेल्यांतच उड्या मारू लागला. ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, साखरेचे सेन्सर यांत वापरले जाते ते नंतरचे कमी ऊर्जेचे ब्लूटूथ. त्याचे भाग ४०. त्यांपैकी ओळख सांगण्याचे जे तीन मुख्य भाग आहेत, ते वाय-फायच्या १, ६ आणि ११ या वाहिन्यांच्या सांदीकोपऱ्यात बेताने बसवलेले आहेत. शेजाऱ्याच्या गाडीला वाट राहील अशी आपली सायकल लावावी, तसे.

पण एकाच फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतात, अनेकदा एकाच अँटेनावर. एक जण बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचे म्हणजे ढोलाशेजारी बसून कुजबुज ऐकण्यासारखे. तिथे दोघांच्या मधे एक छोटा पंच बसवलेला असतो. ब्लूटूथ त्याला सांगते, मला अमुक क्षणी बोलायचे आहे आणि काम महत्त्वाचे आहे. पंच त्या क्षणापुरते वाय-फायला थोपवतो. श्रवणयंत्र फोनला जोडलेल्या आजोबांची तक्रार असते की नातवाने त्याच फोनवर सिनेमा उतरवायला घेतला की कानातला आवाज तुटतो. ती तक्रार खोटी नसते. पंचाच्या निकालात त्या क्षणी सिनेमा जिंकलेला असतो. साखरेच्या सेन्सरला हा त्रास कमी, कारण असे अनेक सेन्सर दर पाच मिनिटांनी एकदाच बोलतात आणि एखादी फेरी हुकली तर आकडा जवळ साठवून पुढच्या वेळी देतात. यंत्र किती वेळा बोलते आणि पाळी चुकली तर काय करते, हे खरेदी करताना किमतीइतकेच विचारण्यासारखे आहे.

मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यातला. त्याला काही बोलायचे नसते, पण त्याच्या दारातून झिरपणारी थोडीशी लहरही वाय-फायपुढे आरडाओरडाच ठरते. इथे निसर्गाने नाही, तर विजेने एक सोय करून ठेवली आहे. साध्या ओव्हनची लहर विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच चालू असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधारण दहा मिलिसेकंद आरडाओरडा आणि दहा मिलिसेकंद शांतता. ऐकून बोलणारे वाय-फाय त्या शांततेत आपले गठ्ठे सरकवून घेते. नव्या इन्व्हर्टर ओव्हनमध्ये ही फट अशी नेमाने मिळत नाही. तरी वॉर्डाच्या पँट्रीतला ओव्हन मॉनिटरच्या राउटरला खेटून ठेवू नये, इतपत शहाणपण पुरेसे.

पाटकऱ्याच्या रीतीकडे वळू. मोबाइलवर फोन येण्याआधी जवळच्या रेडिओतून किंवा स्पीकरमधून ‘टिर्र-टिक-टिक’ असा आवाज यायचा, तो जुन्या टू-जी फोनचा. या पद्धतीत एक वाहिनी आठ फोनांत वाटलेली असते. प्रत्येकाला ५७७ मायक्रोसेकंदांची पाळी आणि पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. फोन सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होतो, तो थरथराट जवळच्या तारा पकडतात आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांत गुरगुर ऐकू येते. ईसीजीच्या तारांशेजारी फोन ठेवू नका असे तेव्हा सांगत, त्यामागे हेही एक कारण होते.

पाळी इतकी नेमकी असली की अंतरही मधे येते. लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एखादा माणूस १०८ला फोन लावतो आणि टॉवर तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असतो, तेव्हा त्याची हाक टॉवरजवळच्या फोनपेक्षा उशिरा पोचते आणि पुढच्याच्या पाळीत घुसते. म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू तुझ्या पाळीच्या थोडे आधीच बोलायला लाग. किती आधी, हे ६४ पायऱ्यांत ठरते आणि एक पायरी सुमारे ५५० मीटरची. म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. त्यापलीकडे सिग्नलच्या कांड्या दिसत असल्या तरी साध्या मांडणीत टू-जीचा फोन लागत नाही. आवाज पोचतो, पण वेळेवर पोचत नाही. डोंगराळ भागात ‘रेंज आहे पण लागत नाही’ या तक्रारीमागे अनेक कारणे असतात, त्यांतले हे एक.

फाइव्ह-जीत तर टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून बोलतात. शेजारशेजारच्या टॉवरांनी एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी ऐकायचे असते, नाहीतर एकाचे ओरडणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर पडते. त्यासाठी टॉवर उपग्रहांवरून वेळ घेतात आणि घड्याळे दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळवतात.

पेसमेकरची गोष्ट सर्वांत निराळी. छातीत बसवलेल्या नव्या पेसमेकरशी बाहेरचे यंत्र बोलते ते बहुतेक ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा शरीरात बसवलेल्या यंत्रांसाठी जगभर मान्य झाला, भारतातही तो परवानामुक्त आहे. निवड विचारपूर्वक झाली. या लहरी शरीराच्या पाण्यातून बऱ्यापैकी पार जातात. पण हा पट्टा रिकामा नव्हता. हवामान खात्याचे फुगे याच भागात बोलतात. मुंबई, नागपूरसारख्या केंद्रांवरून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी फुगे सोडले जातात आणि ते वर जाताना तापमान, आर्द्रता, वारा यांचे आकडे खाली पाठवतात. फुगा हा पट्ट्याचा जुना धनी, पेसमेकर नवा पाहुणा. पाहुण्याने कसे वागायचे, ते नियमातच लिहिले आहे. शक्ती २५ मायक्रोवॉटच्या आत. घरातल्या एका साध्या एलईडी दिव्याच्या मानाने हे लाखो पटींनी कमी. बाहेरच्या यंत्राने बोलण्याआधी वाहिनीवर किमान दहा मिलिसेकंद कान लावायचा, ती मोकळी असेल तरच तिथे बोलायचे, नसेल तर दुसरी पाहायची. अशा वाहिन्या दहा. आणि छातीतल्या यंत्राने सहसा स्वतःहून बोलायचे नाही, विचारले तरच उत्तर द्यायचे. अपवाद एकच. रुग्णाच्या जिवाचे काही बिनसले तर ते न विचारता, हवा मोकळी आहे की नाही हे न पाहता बोलू शकते.

असे नियम उगाच लिहिले गेले नाहीत. २७ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने नव्या डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयातले सुमारे ५० बिनतारी हृदय-मॉनिटर बंद पडल्यासारखे झाले. मॉनिटर टीव्हीच्या रिकाम्या वाहिनीवर चालत होते. ती वाहिनी आता रिकामी राहिली नव्हती. सुदैवाने कुणा रुग्णाला इजा झाली नाही. केंद्राने काही चुकीचे केले नव्हते, ती वाहिनी त्याच्या हक्काचीच होती. रुग्णालय इतकी वर्षे फक्त रिकामी चारी बघून पाणी घेत होते. त्यानंतर २००० मध्ये अमेरिकेने रुग्णालयांच्या मॉनिटरसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले.

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत बिनतारी मॉनिटर साध्या वाय-फायवरच येतात आणि येत राहतील. त्यात गैर काही नाही. मात्र मग हवेला पाटकरी नेमावा लागतो. २.४ची गर्दी सोडून मॉनिटर ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. तिथे वाहिन्या पुष्कळ आहेत, २०१८मध्ये भारतात हा पट्टाही मोठ्या प्रमाणात खुला झाला. त्याच्या लहरी भिंतींतून कमी जातात, त्यामुळे राउटर जास्त लागतात, पण शेजारच्या दुकानाचा गोंगाटही आत कमी येतो. सर्वांत संथ गती राउटरवर बंद करता येतात. वाय-फायमध्ये अग्रक्रमाची सोय २००५पासून आहे. अग्रक्रमाचे यंत्र लहान टोपलीतून चिठ्ठी काढते, म्हणून त्याची पाळी आधी येते. ही सोय अनेक ठिकाणी असते, फक्त चालू केलेली नसते. नातेवाइकांसाठी वेगळे वाय-फाय द्यावे, त्यांना कोपऱ्यात ढकलण्यासाठी नव्हे, तर त्यांनी हॉटस्पॉट लावू नयेत म्हणून. फोनवर सरसकट बंदीचा फलक लावणे सोपे असते आणि तो कुणी पाळत नाही.

काही गोष्टी मात्र हवेवर सोडूच नयेत. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण यांचा मॉनिटर तारेनेच जोडलेला बरा. बिनतारी मॉनिटरची धोक्याची घंटा खाटेजवळच्या यंत्रातच वाजली पाहिजे, सिस्टरच्या टेबलापर्यंतची वाट हवेतून जाते म्हणून ती घंटा थांबता कामा नये. आणि ‘सिग्नल नाही’ ही पाटी दिसली की पडद्याकडे नव्हे, आधी रुग्णाकडे पाहायचे. शंभरात नव्व्याण्णव वेळा हवेचाच दोष असला तरी.

घरी पेसमेकर असलेल्यांना एक खुलासा. फोन छातीच्या खिशात न ठेवता सहा इंच तरी दूर ठेवा असे सांगितले जाते, ते मुख्यतः फोनमधल्या आणि त्याच्या कव्हरमधल्या चुंबकामुळे. रेडिओच्या पाळीचा त्याच्याशी संबंध नाही. शेजारच्या घरातल्या वाय-फायने पेसमेकर बंद पडेल ही भीती मनातून काढून टाकावी. पेसमेकर हृदयाला ठोका देतो तो तारेने, हवेतून नव्हे. हवेतून जातात ते फक्त त्याचे निरोप, आणि निरोपाला रात्रभर वाट पाहता येते. घरी उशाशी ठेवायचे निरोपाचे यंत्र म्हणूनच बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर, घरातले फोन शांत झाल्यावर आपले काम करते.

नवे मॉनिटर विकायला येणारी मंडळी प्रात्यक्षिक बहुधा सकाळी दाखवतात. वॉर्ड झाडलेला असतो, राउंड संपलेला असतो, खाटेशेजारी कुणी नसते. रेघ सुंदर चालते, सह्या होतात. खरेदी समितीने इतकेच करावे. प्रात्यक्षिक संध्याकाळी भेटीच्या वेळी ठेवायला सांगावे, मॉनिटर सर्वांत लांबच्या खाटेला लावावा, पँट्रीतल्या ओव्हनमध्ये दूध तापत ठेवावे आणि तासभर रेघ किती वेळा तुटते ते कागदावर लिहून घ्यावे.